ग्रंथालयांतील संगणक : देणें आणि चालविणें



सकाळच्या वेळीं कोल्हापुरांतील एखाद्या जुन्या वाचनालयांत आपण गेलांत, तर एक दृश्य हटकून दिसतें. लांब मेजावर वर्तमानपत्रें पसरलेलीं असतात आणि त्याभोंवतीं नाना तऱ्हेचीं माणसें बसलेलीं असतात. कोणी पेन्शनर, कोणी नोकरीच्या शोधांत असलेला तरुण, कोणी बाजारास आलेला आणि गाडीला अवकाश आहे म्हणून टेकलेला खेडूत. त्यांतले पुष्कळजण वाचनालयाचे सभासद नसतात; वर्गणीचा एक पैसाहि त्यांनीं दिलेला नसतो. तरी "तुम्ही कोण, कोठले?" असें त्यांना कोणी विचारीत नाहीं. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यामागें पुष्कळ वर्षांची खटपट आहे, हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. आज मला बोलावयाचें आहे तें याच मेजाविषयीं. मात्र त्या मेजावर वर्तमानपत्रांच्या शेजारीं दोन-चार संगणक मांडलेले आहेत, असें समजा. ते गरीब-श्रीमंत सर्वांना विनामूल्य वापरतां यावेत, आणि एकदां मांडलेले संगणक वर्षानुवर्षें चालू राहावेत, यासाठीं काय काय करावें लागतें, हा आजचा विषय.

प्रथम एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, "आज ज्याच्या त्याच्या खिशांत मोबाइल आहे, मग ग्रंथालयांत संगणक हवा कशाला?" आक्षेप वरवर पाहतां बिनतोड वाटतो. निरोप धाडणें, पैसे देणें, बाजारभाव पाहणें, गाणें ऐकणें हीं कामें मोबाइलवर उत्तम होतात, यांत शंका नाहीं. परंतु कांहीं कामें अशीं आहेत कीं, त्यांना मोठा पडदा, कळफलक आणि स्वस्थपणें बसण्याची जागा लागते. गगनबावड्याच्या बाजूच्या एखाद्या खेड्यांतील, दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलीची कल्पना करा. २०२५ सालापासून अकरावीचा प्रवेश साऱ्या महाराष्ट्रांत ऑनलाइन अर्जानें होऊं लागला. तिला महाविद्यालयांची यादी वाचावयाची आहे, पसंतिक्रम ठरवावयाचा आहे, दाखले ठराविक आकारांत बसवून पाठवावयाचे आहेत. पुढें महाडीबीटीवर शिष्यवृत्तीसाठीं पुन्हां तीच यातायात. घरांत मोबाइल एकच, आणि तोहि वडिलांबरोबर शेतावर गेलेला. मग ती अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत जाते. दुकानदार आपल्या श्रमाचें मोल घेतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. पण गर्दींत घाईघाईनें अर्ज भरला जातो, पसंतिक्रम दुकानदाराच्या सल्ल्यानें ठरतो, पासवर्ड त्याच्याच वहींत राहतो, आणि एखादी चूक झाली तर दुरुस्तीसाठीं पुन्हां पैसे मोजावे लागतात. ज्या मुलीनें आपल्या पुढील आयुष्याचा निर्णय स्वतः वाचून, विचार करून घ्यावयाचा, ती केवळ खिडकीबाहेर उभी राहते. ग्रंथालयांतील संगणकाचें काम काय, तर तिला खिडकीच्या आंत बसविणें.

हा प्रश्न पुस्तकांच्या बाबतींत आपल्या पूर्वजांपुढें एकदां येऊन गेलेला आहे, आणि त्यांनीं त्याचें उत्तर शोधण्याचा प्रयत्नहि केला आहे. कोल्हापुरांतील करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालीं झाली. त्या काळचीं ग्रंथालयें बहुधा वर्गणीदारांचीं असत. ज्याला वर्गणी परवडे त्याच्यासाठीं पुस्तक, असा तो व्यवहार होता. १९१७ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि वाचूं शकणाऱ्यांचा वर्ग वाढूं लागला. अक्षर मोफत दिलें, तर पुढें पुस्तकहि मोफत मिळालें पाहिजे, हें ओघानेंच आलें. १९४५ सालीं कोल्हापूर संस्थाननें सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. हिंदुस्थानांतील हा अशा प्रकारचा पहिला कायदा, हा मान कोल्हापूरचा आहे. १९४९ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि पुढें १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला.

तिकडे बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं बोर्डन नांवाच्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून गांवोगांवीं मोफत ग्रंथालयांचें जाळें विणलें. त्या योजनेंतील एक कलम आपण नीट लक्षांत ठेवण्यासारखें आहे. गांवकऱ्यांनीं कांहीं रक्कम उभी करावी, तितकीच रक्कम प्रांत पंचायतीनें घालावी, आणि तितकीच सरकारनें द्यावी, असा तो त्रिभागी नियम होता. मोफत म्हणजे बिनखर्चाचें नव्हे, हें बडोद्याच्या त्या योजनेंत गृहीत धरलें होतें. वाचणाऱ्यानें पैसे द्यावयाचे नसले, तरी कोणी तरी ते द्यावे लागतात, आणि तो "कोणी तरी" कोण, हें आधींच ठरवावें लागतें. हें जेथें ठरतें, तेथें ग्रंथालय टिकतें. जेथें ठरत नाहीं, तेथें उद्घाटनाच्या दिवशीं घातलेला हार वाळण्यापूर्वींच कुलूप लागतें.

संगणकाच्या बाबतींत हा अनुभव आपल्याच जिल्ह्यानें घेतलेला आहे. १९९८ सालीं वारणानगर येथें एक मोठा प्रयोग सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह अशा तिघांनीं मिळून, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर खेडीं संगणकांनीं जोडण्याचा तो बेत होता. तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. गांवच्या केंद्रांत संगणक ठेवावा, आणि त्यावर शेतकऱ्यास शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखल्यांची माहिती, मुलांच्या शिक्षणाची माहिती असें सर्व कांहीं मिळावें, अशी त्यामागील कल्पना. त्या काळीं खेड्यांत टेलिफोनहि दुर्मिळ होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कल्पनेची भव्यता कळते.

पुढें काय झालें? मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनीं कांहीं वर्षांनीं या केंद्रांची पाहणी केली, तेव्हां असें दिसून आलें कीं, त्या संगणकांवर मुख्यतः उसाचेंच काम होत असे. उसाची नोंद, तोडणीचा परवाना, वजनाचा आंकडा, बिलाची रक्कम, खताची उचल, एवढ्याच गोष्टींसाठीं शेतकरी केंद्रावर येई. विजेची अनियमितता आणि यंत्रांची देखभाल या अडचणी होत्याच. मग सुमारें २००६-०७ च्या काळांत त्याच संशोधकांनीं सात गांवांत संगणकाच्या जागीं साधे मोबाइल आणि लघुसंदेश वापरून पाहिले, आणि उसाचें तें काम मोबाइलवर कमी खर्चांत व्यवस्थित झालें.

या हकीगतीवरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, सार्वजनिक संगणक हा फसलेला मार्ग आहे. मला तसें वाटत नाहीं. मला त्यांत दोन धडे दिसतात. पहिला असा कीं, उसाचें काम टिकलें, कारण त्यामागें कारखान्याची रोजची गरज होती. कारखान्याला तीं नोंदणी हवीच होती. म्हणून यंत्र बंद पडलें तर तें सुरू करून घेणारा कोणी तरी होता. शिक्षण, सल्ला, वाचन या गोष्टींना असा रोजचा धनी नव्हता. त्या कागदावरच राहिल्या. सार्वजनिक कामाला रोजचा धनी मिळवून देणें, हेंच ग्रंथालयाचें काम आहे. कारण वाचकांची सेवा हाच ज्याचा धंदा, अशी संस्था गांवांत दुसरी नाहीं. दुसरा धडा असा कीं, जें मोबाइलवर होतें त्यासाठीं संगणक मांडूं नये. दीर्घ वाचन, लेखन, अर्ज, अभ्यास, छपाई, नकाशे, आणि घरीं ज्याला शांतता नाहीं त्याला शांततेचा एक तास, यासाठीं तो मांडावा.

परदेशांतहि हीच गोष्ट निराळ्या रीतीनें सिद्ध झाली आहे. अँड्र्यू कार्नेगी या पोलादाच्या कारखानदारानें १८८३ ते १९२९ या काळांत जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयांच्या इमारतींसाठीं पैसा दिला. परंतु त्याची बहुधा एक अट असे. इमारतीला जेवढा पैसा मिळाला, त्याच्या एक दशांश रक्कम गांवानें दरसाल ग्रंथालय चालविण्यासाठीं आपल्या करांतून दिली पाहिजे. ज्या गांवाला ही अट मान्य नसे, त्याला देणगी मिळत नसे. देणगीदार कठोर होता असें वाटेल. पण इमारत ही ग्रंथालयाची सुरुवात आहे, ग्रंथालय नव्हे, हें तो जाणून होता. ब्रिटनमध्यें सन २००२ पर्यंत लॉटरीच्या निधींतील दहा कोटी पौंड खर्चून सुमारें चार हजार ग्रंथालयांत तीस हजारांच्या आसपास संगणक बसविण्यांत आले. तेथील योजकांनीं आणखी दोन कोटी पौंड केवळ ग्रंथालयांतील नोकरवर्गाच्या शिक्षणासाठीं निराळे काढून ठेवले. यंत्रावर पांच रुपये खर्चिले, तर माणसावर एक रुपया, असें तें प्रमाण झालें. मात्र २०१० नंतर स्थानिक संस्थांच्या खर्चाला कात्री लागली, तेव्हां त्या देशांतहि अनेक शाखा बंद पडल्या. यंत्रें तीच होतीं. रोजचा पैसा आटला.

आतां आपल्याकडील एखाद्या मध्यम ग्रंथालयाचा विचार करूं. समजा, त्यानें चार संगणक ठेवले आणि दिवसाचे आठ तास ते खुले ठेवले. अर्ध्या तासाची एक पाळी धरली, तर दिवसाकाठीं चौसष्ट माणसांची सोय होते. एका संगणकाला पडद्यासह शंभर वॅट वीज लागते असें धरलें, तर चार यंत्रांना दिवसाला सव्वातीन युनिटांच्या आंतच वीज लागेल. महिन्याच्या पंचवीस दिवसांचे ऐंशी युनिट झाले. हा खर्च कोणत्याहि संस्थेला भारी नाहीं. खरा खर्च निराळाच आहे. एक यंत्र चाळीस हजारांचें आणि त्याचें आयुष्य पांच वर्षें, असें मानलें, तर दर यंत्रामागें सालीना आठ हजार रुपये, म्हणजे चौघांमागें बत्तीस हजार रुपये, बाजूला टाकले पाहिजेत. तरच सहाव्या वर्षीं नवीं यंत्रें घेतां येतील. इंटरनेटचें बिल, दुरुस्ती आणि माणसाचा पगार निराळा. उद्घाटनाच्या दिवशीं हा हिशेब कोणी मांडीत नाहीं. म्हणून सहाव्या वर्षीं ग्रंथालयाच्या कोपऱ्यांत संगणकावर कापड घातलेलें दिसतें.

यंत्रांच्या बाबतींत एक सोयीची गोष्ट सांगतों. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचें नेहमीचें विनामूल्य संरक्षण-साहाय्य संपलें, आणि अनेक कचेऱ्यांनीं आपले जुने संगणक निकालांत काढले. तीं यंत्रें मोडकीं नव्हेत. त्यांवर लिनक्स ही कोणासहि फुकट घेतां येणारी प्रणाली बसविली, जुन्या चकतीच्या जागीं वेगवान एसएसडी घातली, तर लेखन, वाचन व अर्ज यांसाठीं तीं आणखी कांहीं वर्षें उत्तम चालतात. मराठी टंकलेखनाची सोय तींत असतेच. फक्त इन्स्क्रिप्ट कळफलकाचा एक तक्ता भिंतीवर लावावा. शिरोली, गोकुळ शिरगांव येथील कारखान्यांना अशीं यंत्रें देणें अवघड नाहीं. २०१३ च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावण्याचें बंधन घातलें, आणि त्या कार्यांच्या यादींत सार्वजनिक ग्रंथालयें स्थापन करणें याचाहि उल्लेख आहे. मात्र देणगी घेतांना ग्रंथालयानें कार्नेगीची अट उलटी करून घालावी : "यंत्रें द्या, आणि त्याबरोबर पांच वर्षांच्या देखभालीचा खर्चहि द्या."

जागेविषयींहि कोल्हापुरानें सावध असावें. २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं पंचगंगेच्या पुरानें काय केलें, तें आपण पाहिलें आहे. भिजलेलें पुस्तक निदान वाळवितां येतें. भिजलेल्या संगणकाची पुष्कळदां आशाच सोडावी लागते. तेव्हां पूररेषेजवळच्या ग्रंथालयांनीं यंत्रें वरच्या मजल्यावर ठेवावींत, आणि जिना चढूं न शकणाऱ्यांसाठीं एखादें यंत्र खालीं ठेवलें, तर तें पाणी वाढतांच उचलून नेतां येईल असें असावें. वीज गेली तर चालू अर्ज बुडूं नये, म्हणून बॅटरीचा लहानसा संच जोडावा.

यानंतर नियम. नियम थोडे असावेत व सर्वांना सारखे असावेत. पाळी अर्ध्या तासाची. पाठीमागें कोणी थांबलेलें नसेल, तर ती वाढवावी. परीक्षेच्या व प्रवेशाच्या दिवसांत अर्ज भरणारांस अग्रक्रम. बसण्याचे पैसे घेऊं नयेत. छापलेल्या कागदाचे घ्यावेत. बसण्याचे पांच रुपये लावले, तर आपल्याला ते क्षुल्लक वाटतात, पण ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप तोच माणूस दाराशीं घुटमळून परत जातो. २०११ सालीं सरकारनें सायबर कॅफेंसाठीं नियम केले. त्यांत वापरणाराची ओळख पाहणें, वापराची नोंद निदान एक वर्ष जपणें, आडोसे साडेचार फुटांहून उंच नसणें, अशा गोष्टी आहेत. ग्रंथालय हा कांहीं धंदा नव्हे. तरीहि अशी शिस्त ठेवलेली बरी. मात्र नोंद ठेवणें निराळें आणि वाचकावर पाळत ठेवणें निराळें. वाचक उठला कीं त्याचे पासवर्ड, दाखले व फोटो यंत्रांतून आपोआप पुसले जावेत, अशी योजना करतां येते, आणि ती केलीच पाहिजे. ज्या खुर्चीवर बसून आपलें गुपित दुसऱ्याच्या हातीं जाईल अशी भीति वाटते, तिच्यावर शहाणा माणूस दुसऱ्यांदां बसत नाहीं.

पण या साऱ्याहून महत्त्वाचा आहे तो माणूस. शेतकऱ्यास डिजिटल सही असलेला सातबारा कोठें मिळतो, मराठी विश्वकोश संगणकावर फुकट कसा वाचावा, भारताच्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयांत अभ्यासाचें पुस्तक कसें शोधावें, हें यंत्र आपण होऊन सांगत नाहीं. साठ वर्षांच्या गृहस्थास प्रथमच माउस हातीं धरावयाचा असतो, आणि आपलें अज्ञान नातवासमोर उघडें करण्यास तो लाजतो. अशा वेळीं शेजारीं उभें राहून "काका, घाई नाहीं, सावकाश करा" असें म्हणणारा ग्रंथपाल हवा. महाराष्ट्रांत शासनमान्य ग्रंथालयें हजारोंच्या संख्येनें आहेत. पण तीं बहुतांशीं संस्थांनीं चालविलेलीं व अनुदानावर अवलंबून आहेत. १९४८ च्या मद्रास कायद्यानें ग्रंथालयांसाठीं स्वतंत्र कर बसविला. आपल्या १९६७ च्या कायद्यांत तसा कर नाहीं. त्यामुळें अनुदान वाढण्याची वाट पाहावी लागते. २०२२ सालीं शासनानें त्यांत साठ टक्के वाढ करण्याचें ठरविलें, तेंहि बऱ्याच वर्षांनंतर. लहान गांवांतील ग्रंथपालाचा पगार त्याच्या घरखर्चास पुरत नाहीं, हें उघड गुपित आहे. त्याच्याकडून आपण संगणकशिक्षकाचें कामहि मागणार असूं, तर त्याला शिक्षण आणि मोबदला दोन्हीं दिलीं पाहिजेत. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आठवड्यांतून दोन दिवस मदतीस येऊं शकतील. पण ते मदतनीस होत, धनी नव्हेत.

तेव्हां पैशाची सोय बडोद्याच्या चालीवर करावी, असें मला सुचवावेंसें वाटतें. एक भाग गांवानें, म्हणजे ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आणि नागरिक यांनीं मिळून. एक भाग स्थानिक साखर कारखाना, बँक वा उद्योग यांनीं. आणि एक भाग शासनानें. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनहि, जें १९७२ सालीं स्थापन झालें, राज्यांच्या हिश्शाशीं जोडलेलें साहाय्य ग्रंथालयांना मिळत आलें आहे. तिघांपैकीं एकजण एखाद्या सालीं मागें राहिला, तरी उरलेल्या दोघांच्या आधारावर दिवा तेवत राहतो.

आणि शेवटीं एक अगदीं साधा उपाय. प्रत्येक ग्रंथालयानें संगणकांजवळ एक वही ठेवावी. तींत रोज दोनच आंकडे लिहावेत : आज किती माणसें बसलीं, आणि आज किती यंत्रें बंद होतीं. महिनाअखेर ते आंकडे दारावरील फळ्यावर मांडावेत. आपण नागरिक नेहमीं विचारतों, "तुमच्याकडे किती संगणक आहेत?" हा प्रश्न देणगीदाराच्या उपयोगाचा आहे. आपण विचारावयाचा प्रश्न असा : "गेल्या महिन्यांत ते किती दिवस चालू होते?" वर्तमानपत्राच्या मेजाला आपण जो न्याय लावतों, तोच येथें लावावा. वर्तमानपत्र एक दिवस आलें नाहीं, तर वाचक दुसऱ्या दिवशीं ग्रंथपालास जाब विचारतो. संगणक बंद पडला असतां गांव ज्या दिवशीं तसाच जाब विचारूं लागेल, त्या दिवशीं तो संगणक खऱ्या अर्थानें गांवाचा झाला, असें समजावें.

आपल्या गांवच्या वाचनालयाची पायरी उद्यां चढाल, तेव्हां एवढी एक चौकशी अवश्य करा. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.